गूढपत्रें आणि त्यांचे वाचक

संगणकांत सांठविलेल्या माहितीची राखण कशी करावी याचें एक नवेंच शास्त्र अलीकडे उदयास आलें आहे. तें शिकूं लागणाऱ्या तरुणांस पहिले धडे कोड्यांच्या रूपानें देतात. अर्थशून्य दिसणाऱ्या अक्षरांची एक ओळ विद्यार्थ्यापुढें ठेवावयाची. तींत कोठें तरी एखादें वाक्य दडविलेलें असतें. तें हुडकून काढलें म्हणजे पुढच्या कोड्याचें दार उघडतें. अशीं कोडीं सोडवीत घरांतील मुलें रात्रीं उशिरापर्यंत बसलेलीं पाहिलीं म्हणजे वडील मंडळींच्या कपाळीं आठी उमटते, आणि अभ्यास सोडून हा कसला पोरखेळ, असा प्रश्न निघतो. आम्हांस हा पोरखेळ वाटत नाहीं. या कोड्यांतील अगदीं पहिल्या पायरीचीं जीं कोडीं, त्यांतल्या युक्त्या एके काळीं राजेलोकांच्या दप्तरांत जिवापलीकडे जपल्या जात होत्या. त्यांपैकीं एका युक्तीवर विसंबून राहिल्यामुळें एका राणीला आपलें मस्तक द्यावें लागलें. ती हकीकत सविस्तर सांगावी असा या लेखाचा हेतु आहे; पण तिच्याकडे वळण्यापूर्वीं या विद्येच्या मुळाकडे थोडें पाहिलें पाहिजे.

गुप्त लेखनाची कल्पना आपल्या लोकांस परकी नाहीं. हेरांच्या बातम्या संज्ञालिपीनें पोंचवाव्या असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. वात्स्यायनानें चौसष्ट कलांच्या यादींत ‘म्लेच्छितविकल्प’ नांवाची एक कला घातली असून यशोधराच्या जयमंगला टीकेंत तिचे प्रकार दिले आहेत. त्यांतील ‘मूलदेवीय’ प्रकारांत अक्षरांच्या जोड्या ठरवून एकाच्या जागीं दुसरें घालावयाचें असतें. तवर्गाच्या ठिकाणीं पवर्ग आणि पवर्गाच्या ठिकाणीं तवर्ग. या रीतीनें ‘नाम’ लिहावयाचें तर ‘मान’ होतें आणि ‘तप’ लिहावयाचें तर ‘पत’ होते. गूढ शब्दालाहि स्वतःचा सरळ अर्थ असावा, आणि वाचणाऱ्याला संशयसुद्धां येऊं नये, ही गंमत संस्कृत पंडितांच्या नजरेंतून सुटली असेल असें वाटत नाहीं.

मराठी मुलखांत तर ही विद्या बाजारांत आणि माजघरांतहि शिरली होती. करपल्लवी ही हातांची भाषा. तींत नागाच्या फणेसारखा हात केला कीं स्वर, कमळासारखा केला कीं कवर्ग, चक्रासारखा फिरविला कीं चवर्ग, आणि मग बोटें दाखवून वर्गांतील कितवें अक्षर तें सांगावयाचें. व्यापाऱ्यांची नंदभाषा आंकड्यांपुरती होती. केवली म्हणजे एक, आवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन. गिऱ्हाईक समोर बसलेलें असतां दोघे दलाल त्याच्या देखत भाव ठरवीत आणि त्याला पत्ता लागत नसे. गुरांच्या बाजारांत उपरण्याखालीं हात धरून बोटें दाबण्याची चाल हिचीच बहीण. मुलांची ‘च’ची भाषा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं बोलली असेल, ‘घरी’ या शब्दाचें ‘चरीघ’ करून वडिलांपुढें गुपितें सांगण्यांत जो आनंद आहे, तोच थोड्याफार फरकानें राजदूतांनाहि होत असावा.

पाश्चात्यांकडे या विषयाच्या आरंभीं ज्यूलियस सीझरचें नांव घेतात. तो आपल्या खाजगी पत्रांत प्रत्येक अक्षराच्या जागीं वर्णमालेंत त्याच्या पुढें तिसरें येणारें अक्षर लिहीत असे, असें स्यूटोनियस या रोमन चरित्रकारानें नमूद केलें आहे. हीच रीत मराठीला लावून पाहूं. स्वर आणि काना-मात्रा जशाच्या तशा ठेवाव्या आणि प्रत्येक व्यंजन एक घर पुढें सरकवावें. क चा ख, द चा ध, व चा श, आणि शेवटच्या ळ नंतर पुन्हां क. मग ‘दिवा मालवूं नका’ हें साधें वाक्य ‘धिशा यावशूं पखा’ असें दिसूं लागतें. प्रथमदर्शनीं हें अगदीं दुर्बोध वाटतें खरें. परंतु क पासून ळ पर्यंत व्यंजनें चौतीस, म्हणजे सरकविण्याचे प्रकार तेहतीसच. ज्याच्यापाशीं एक पेन्सिल आणि अर्धा तास आहे त्याला सगळे प्रकार करून पाहतां येतात. शिवाय काना-मात्रा जागच्या जागीं राहिल्यामुळें शब्दाचा सांगाडा उघडाच पडतो. ज्यांस हौस असेल त्यांनीं ‘वाथी गैनेंद आके’ हें वाक्य सोडवून पाहावें. यांत सरकण्याची पायरी एक नाहीं, एवढेंच सांगतों.

सरकविण्याऐवजीं अक्षरें वाटेल तशीं बदललीं, क च्या जागीं त्रिकोण, ख च्या जागीं चंद्रकोर अशीं चिन्हें योजलीं, तर प्रकारांची संख्या इतकी वाढते कीं सगळे करून पाहण्यास जन्म पुरणार नाहीं. त्यामुळें ही लिपि अभेद्य आहे अशी पुष्कळ काळ समजूत होती. ती समजूत प्रथम मोडली बगदाद येथें. नवव्या शतकांत तेथें होऊन गेलेल्या अल् किंदी या तत्त्वज्ञानें गूढ पत्रें उलगडण्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याची प्रत इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथसंग्रहांत मिळाली आहे. त्याची युक्ति सांगावयास गेलें तर इतकी सोपी आहे, कीं ती पूर्वीं कोणास कशी सुचली नाहीं याचेंच नवल वाटावें. प्रत्येक भाषेंत कांहीं अक्षरें वारंवार येतात आणि कांहीं क्वचित् येतात. म्हणून त्याच भाषेंतला एखादा साधा उतारा घेऊन त्यांतलीं अक्षरें मोजावीं. मग गूढ पत्रांतलीं चिन्हें मोजावीं. आणि जें चिन्ह सर्वांत अधिक वेळां आलें असेल तें भाषेंतल्या सर्वांत अधिक येणाऱ्या अक्षराशीं जुळवून पाहावें. अक्षराचा वेष बदलला तरी त्याची वर्दळ बदलत नाहीं. इंग्रजींत शंभर अक्षरांत ‘ई’ हें अक्षर सुमारें बारा वेळां येतें. त्याला कितीहि सोंगें द्या, गर्दींत तें उठून दिसणारच. मराठींत ‘आहे’ आणि ‘आणि’ हे दोन शब्द पानोपानीं भेटतात, आणि काना तर इतका भेटतो कीं मराठी मजकूर झांकावयाचा असेल तर प्रथम कान्याची सोय पाहावी लागेल. युरोपांत ही मोजदादीची विद्या पंधराव्या-सोळाव्या शतकांत दरबारोदरबारीं रुळली, आणि सांकेतिक पत्रें उलगडणारे पगारी लेखक राजांच्या पदरीं राहूं लागले.

आतां त्या राणीकडे वळूं. मेरी स्टुअर्ट 1542 सालीं जन्मली आणि अवघ्या सहा दिवसांची असतां स्कॉटलंडची राणी झाली. लहानपणींच तिला फ्रान्सला पाठविलें. तेथील युवराजाशीं तिचें लग्न झालें. तो राजा होऊन 1560 सालीं वारला आणि ही विधवा अठराव्या वर्षीं मायदेशीं परतली. दुसऱ्या नवऱ्याचा खून, ज्याच्यावर त्या खुनाचा संशय त्याच्याशींच तिसरें लग्न, प्रजेचा उठाव, तान्ह्या मुलाच्या नांवें राज्यत्याग. या सर्वांस थोडींच वर्षें पुरलीं. 1568 च्या मे महिन्यांत ती सीमा ओलांडून इंग्लंडांत आली आणि आपल्या नात्यांतली एलिझाबेथ राणी हिच्याजवळ तिनें आश्रय मागितला. आश्रयाऐवजीं मिळाली कैद. मेरी कॅथॉलिक पंथाची, आणि एलिझाबेथनंतर इंग्लंडच्या गादीवर तिचाच हक्क. त्यामुळें एलिझाबेथला गादीवरून दूर करूं पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं मेरीचें नांव असे. अशा पाहुणीला मोकळें सोडणें कठीण आणि मारणें त्याहून कठीण. सुमारें एकोणीस वर्षें तिला एका वाड्यांतून दुसऱ्या वाड्यांत हलवीत ठेवण्यांत आलें.

1585 सालीं तिच्यावर सर अमियस पॉलेट या कडव्या स्वभावाच्या गृहस्थाची नेमणूक झाली आणि तिचा बाहेरचा पत्रव्यवहार जवळ जवळ तुटला. तिच्यासाठीं आलेलीं पत्रें लंडनांतील फ्रेंच वकिलाकडे पडून राहूं लागलीं. वर्षाच्या अखेरीस तिला चार्टली येथें नेण्यांत आलें, आणि 1586 च्या जानेवारींत एकाएकीं तिच्या भाग्याचें दार किलकिलें झालें. बर्टन गांवचा एक दारू गाळणारा वाड्यांत बिअरचीं पिंपें पोंचवीत असे. पिंपाच्या बुचांत चामड्यांत गुंडाळलेलीं पत्रें दडवून आंत धाडावयाचीं, आणि रिकाम्या पिंपांतून उत्तरें बाहेर काढावयाचीं, अशी सोय गिल्बर्ट गिफर्ड नांवाच्या एका तरुण कॅथॉलिकानें लावून दिली. कित्येक महिन्यांनीं आपल्या माणसांचीं पत्रें हातीं पडलीं तेव्हां त्या बंदिवान बाईला काय वाटलें असेल याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु गिफर्ड हा एलिझाबेथचा मुख्य चिटणीस सर फ्रान्सिस वॉल्सिंगम याचा माणूस होता. दारू गाळणाराहि त्याच कटांत. पॉलेट आपल्या पत्रांतून त्याला ‘प्रामाणिक मनुष्य’ म्हणतो तें उपहासानें. या प्रामाणिक मनुष्यानें दोन्ही पक्षांकडून पैसे घेतले आणि वर बिअरचा भावहि वाढवून मागितला! पिंपांतून निघालेलें प्रत्येक पत्र वॉल्सिंगमच्या माणसांच्या हातीं जाई. त्यांत आर्थर ग्रेगरी हा मोहोर न मोडतां पत्र उघडण्यांत आणि पुन्हां जशीच्या तशी लावण्यांत वाकबगार होता, आणि टॉमस फेलिप्स हा लिपि उलगडणारा होता. फेलिप्स अंगानें किरकोळ, पिंगट केंसांचा, तोंडावर देवीचे वण असलेला आणि दृष्टीनें अधू होता. तो चार्टलीला येऊन राहिला असतां मेरीनें त्याला पाहिलें होतें, आणि तिच्याच एका पत्रांत त्याचें हें वर्णन आलें आहे. आपलें अंतःकरण रोज वाचणारा मनुष्य हाच, हें मात्र तिला ठाऊक नव्हतें.

याच सुमारास अँथनी बॅबिंग्टन या चोवीस वर्षांच्या श्रीमंत तरुणाभोंवतीं कांहीं कॅथॉलिक मित्र जमले. हा मुलगा पूर्वीं श्रूझबरीच्या अर्लच्या पदरीं होता आणि तेथें कैदेंत असलेली मेरी त्यानें पाहिली होती. एलिझाबेथचा वध करावा, परदेशची फौज उतरवावी आणि मेरीला सोडवून गादीवर बसवावें असा बेत ठरला. 6 जुलै 1586 रोजीं बॅबिंग्टननें मेरीला सारा बेत लिहून कळविला. सहा सरदारपुत्र वधाचें काम अंगावर घेण्यास तयार आहेत हेंहि लिहिलें. हें पत्र अर्थात् सांकेतिक होतें.

ही सांकेतिक लिपि कशी होती तें पाहण्यासारखें आहे. तींत वर्णाक्षरांसाठीं तेवीस चिन्हें होतीं. सुमारें पस्तीस चिन्हें नेहमीं लागणाऱ्या सबंध शब्दांसाठीं होतीं. शिवाय चार चिन्हें निव्वळ पोकळ, म्हणजे ज्यांचा अर्थ कांहींच नाहीं आणि जीं केवळ परक्या वाचकाची मोजदाद चुकविण्यासाठीं मधून मधून पेरावयाचीं. आणखी एका चिन्हाचा अर्थ पुढचें अक्षर जोड आहे एवढाच. ऐकतांना हें सारें मोठें जय्यत वाटतें. परंतु नीट पाहिलें तर प्रत्येक अक्षराला एकच चिन्ह, आणि तें आरंभापासून शेवटपर्यंत तेंच. म्हणजे अल् किंदीच्या मोजदादीपुढें ही लिपि उघडीच. पोकळ चिन्हें शोधून वगळलीं कीं झालें. शब्दांचीं चिन्हें मागच्यापुढच्या संदर्भानें ओळखूं येतात. फेलिप्ससारख्या मुरलेल्या माणसाला हें काम कांहीं दिवसांचें, आणि एकदां किल्ली हातीं आली म्हणजे पुढचीं पत्रें तो तीं ज्याला लिहिलीं त्याच्याआधींच वाचून मोकळा.

येथें आमच्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म आहे. मेरीपाशीं कोणतीच लिपि नसती तर ती सावधपणें लिहिती. जन्मभर पाळतींत राहिलेली ती बाई, काय लिहूं नये हें तिला कोणी शिकवावयास नको होतें. परंतु पिंप सुरक्षित, लिपि सुरक्षित, असा दुहेरी भरंवसा पडल्यामुळें तिची लेखणी सैल झाली. तकलादू कुलूप हें कुलूप नसण्यापेक्षां वाईट. कारण कुलूप नसेल तर मनुष्य दागिने उशाशीं घेऊन निजतो.

17 जुलैला मेरीनें उत्तर पाठविलें. ती फ्रेंचमध्यें मजकूर सांगे, तिचा चिटणीस क्लोद नो तो उतरून घेई, दुसरा चिटणीस गिल्बर्ट कर्ल त्याचें इंग्रजी करी आणि मग तें चिन्हांत घातलें जाई. या उत्तरांत तिनें बेताला संमति दिली, फौजा कशा उभाराव्या आणि आपली सुटका कोणत्या वेळीं व्हावी याविषयीं सूचना केल्या. फेलिप्सनें पत्र उलगडलें, आणि वॉल्सिंगमकडे पाठविलेल्या प्रतीवर त्यानें फांसाच्या खांबाचें चित्र काढलें असें इतिहासकार सांगतात.

येथपर्यंत चोरून वाचणें होतें. यापुढें जें घडलें तें निराळ्या जातीचें आहे. वॉल्सिंगमला त्या सहा जणांचीं नांवें हवीं होतीं. म्हणून फेलिप्सनें मेरीच्याच लिपींत तिच्या पत्राला एक ताजा कलम जोडला, आणि त्यांत त्या सहा गृहस्थांचीं नांवें व माहिती कळविण्याविषयीं विचारणा केली. ज्याला लिपि वाचतां येते त्याला ती लिहितांहि येते, आणि सांकेतिक चिन्हांना हस्ताक्षराचें बंधन बेताचेंच असतें. या खोट्या कलमाचा मसुदा ब्रिटनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहे आणि त्याच कागदासोबत त्या लिपीची किल्लीहि आहे. ही आपल्या पत्रव्यवहाराचीच वर्णमाला असें बॅबिंग्टननें तीवर कबूल केलें आहे. ऑगस्टांत बॅबिंग्टन आणि त्याचे सोबती पकडले गेले. सप्टेंबरांत चौदा जणांना लंडनांत हालहाल करून मारण्यांत आलें. मेरीला शिकारीला म्हणून बाहेर नेलें आणि मागें तिच्या दालनांतील सर्व कागद व सांकेतिक लिपींच्या किल्ल्या जप्त केल्या.

ऑक्टोबरांत फॉदरिंगेच्या गढींत तिची चौकशी झाली. तिला वकील नव्हता. ज्या पत्रावर सारा खटला उभा, तें मूळ पत्र न्यायाधीशांपुढें नव्हतें. बॅबिंग्टननें तें नष्ट केलें होतें, आणि पुढें होती ती फेलिप्सच्या उलगड्याची प्रत. दोघा चिटणिसांनीं मात्र मजकूर खरा असल्याचें कबूल केलें होतें. मेरीनें जबाब दिला कीं दुसऱ्याच्या लिपीची नक्कल करणें कांहीं अवघड नाहीं. तिच्या सर्व जबाबांत हा एक मुद्दा अत्यंत बळकट होता, आणि त्या कलमाची हकीकत आज जशी आपणांस ठाऊक आहे तशी ती तिला ठाऊक असती तर वॉल्सिंगमला मान खालीं घालावी लागली असती. मेरी निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं. बॅबिंग्टनच्या बेताला तिची संमति होती याविषयीं बहुतेक इतिहासकारांस शंका नाहीं, आणि आम्हांसहि नाहीं. पण ज्या हातानें पुराव्यांत एक ओळ घातली, त्याच हातच्या प्रतीवर शिक्षा ठोठावणें हा न्याय नव्हे, मग ती शिक्षा योग्य असो वा नसो. 1 फेब्रुवारी 1587 रोजीं एलिझाबेथनें हुकुमावर सही केली आणि 8 तारखेस सकाळीं मेरीचा शिरच्छेद झाला. त्या पहांटे दोन वाजतां तिनें आपला धाकटा दीर, फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री, याला शेवटचें पत्र लिहिलें. तें साध्या फ्रेंचमध्यें आहे; त्यांत एकहि गूढ चिन्ह नाहीं. मात्र कागदाचीच एक पट्टी कापून ती चिरांतून ओंवून पत्र असें बंद केलें आहे, कीं फाडल्यावांचून उघडूं नये.

दैवाचा खेळ असा, कीं ज्या 1586 सालीं मेरी या लिपीनें बुडाली त्याच सालीं पॅरिसला ब्लेझ द विजनेर याचा गूढलेखनावरील ग्रंथ छापला गेला. त्यांतील रीतीनें एकच अक्षर दर वेळीं निराळें सोंग घेतें. कोणतें सोंग केव्हां, हें एका गुप्त शब्दानें ठरतें. साधी मोजदाद येथें लुळी पडते. ही रीत उलगडण्याचा मार्ग प्रशियन अधिकारी कासिस्की यानें 1863 सालीं छापून प्रसिद्ध केला. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज याला तो त्याच्या कांहीं वर्षें आधींच सांपडला होता, पण त्यानें तो प्रसिद्ध केला नाहीं.

मेरीची लिपि कांहीं महिने टिकली. याच्या उलट एक उदाहरण आपल्या घरांत आहे. महानुभाव पंथाच्या अनुयायांनीं आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. त्यांतहि मुख्य तत्त्व एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर किंवा चिन्ह घालण्याचेंच आहे. म्हणजे जें कुलूप फेलिप्सनें थोड्या दिवसांत काढलें, जवळ जवळ त्याच जातीचें. तरी तें पांचशें वर्षें उघडलें नाहीं. म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जमविलेलें लीळाचरित्र, म्हणजे मराठी गद्याचें पहिलें मोठें भांडार, मठांतील पोथ्यांत बांधलेलें राहिलें, आणि बाहेरचे मराठी लोक आपल्या भाषेंत इतकें जुनें गद्य आहे हें न जाणतां वाङ्मयाचा इतिहास लिहीत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं या लिपीची किल्ली शोधली; मग भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा विद्वानांनीं तें वाङ्मय प्रकाशांत आणलें. लीळाचरित्रांत ‘गोसावी’ आणि ‘सर्वज्ञ’ हे शब्द किती वेळां येतात तें ज्यानें पाहिलें आहे, त्याला मोजदादीचा मार्ग येथें किती सुलभ होता हें सांगावयास नको. मग इतकीं शतकें कां गेलीं? आम्हांस वाटतें, लिपीच्या बळावर नव्हे. पंथाबाहेरच्या लोकांस या पोथ्यांविषयीं कुतूहलच नव्हतें. होता तो दुरावा आणि गैरसमज. मेरीचीं पत्रें वाचण्यासाठीं एक सरकार रात्रंदिवस जागत होतें. चक्रधरांच्या लीळा वाचण्यासाठीं कोणी जागत नव्हतें.

हीच गोष्ट पुन्हां मेरीच्या बाबतींतहि घडली. पॅरिस येथील फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत कांहीं सांकेतिक पत्रें होतीं. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, इटलीच्या कारभाराविषयीं, अशी त्यांची नोंद होती. त्या नोंदीवर विश्वासून कोणी त्यांच्याकडे फिरकलें नाहीं. जॉर्ज लासरी हे संगणकशास्त्रज्ञ, नॉर्बर्ट बीरमान हे संगीताचे अध्यापक, आणि सातोशी तोमोकियो हे पदार्थविज्ञान शिकलेले गृहस्थ, असे निरनिराळ्या देशांतले तिघे जुन्या लिपी सोडविण्याच्या हौसेनें एकत्र आले आणि त्यांनीं हीं पत्रें हातीं घेतलीं. चिन्हें एकंदर दीड लाखाहून अधिक. साध्या अक्षरांत एक शब्दहि नाहीं. ही लिपि बॅबिंग्टनच्या लिपीपेक्षां बरीच कठीण होती, कारण एकेका अक्षराला अनेक चिन्हें दिलेलीं होतीं. त्यांनीं संगणकाला असें शिकविलें, कीं प्रथम वाटेल ती किल्ली लावून पाहावी, तींत लहानसा फेरफार करावा, आणि मजकूर भाषेच्या थोडा जवळ आला तर तो फेरफार ठेवावा, नाहींतर टाकावा. असें पुन्हां पुन्हां करावें. आरंभीं नोंदीप्रमाणें इटालियन गृहीत धरलें, त्यांत कांहीं निष्पन्न होईना. मग फ्रेंच धरतांच शब्द उमटूं लागले. लिहिणारी स्त्री आहे हें व्याकरणावरून कळलें; ‘माझा मुलगा’ असे शब्द आले, कैदेचा उल्लेख आला, आणि मग एक नांव आलें, वॉल्सिंगम. 2023 च्या फेब्रुवारींत हा शोध जाहीर झाला.

पत्रें एकूण सत्तावन्न, 1578 ते 1584 या काळांतलीं, आणि बहुतेक लंडनांतील तेव्हांचा फ्रेंच वकील कास्तेल्नो याला लिहिलेलीं. त्यांतलीं सुमारें पन्नास इतिहासाला अगदीं नवीं. तींत प्रकृतीचीं गाऱ्हाणीं आहेत, सुटकेच्या वाटाघाटी आहेत, 1582 सालीं मुलाला बंडखोर सरदारांनीं ताब्यांत घेतल्याचा आकांत आहे, आणि वॉल्सिंगम मित्रत्वाचा आव आणून आपला घात करूं पाहतो हा इशाराहि आहे. म्हणजे त्याला तिनें पुरतें ओळखलें होतें. उरलेल्या थोड्या पत्रांचा उलगडा तिघांना ताडून पाहतां आला, कारण त्यांच्या साध्या भाषेंतल्या प्रती इंग्लंडच्या दप्तरांत आधींच होत्या. 1583 च्या मध्यापासून कास्तेल्नोच्या घरांतूनच कोणी तरी तीं वॉल्सिंगमकडे पोंचवीत होता. या पत्रव्यवहारांतील आणखीहि पत्रें असलीं पाहिजेत असें या तिघांचें मत आहे. तीं नष्ट झालीं नसतील तर अशाच एखाद्या बासनांत, कोणत्या तरी भलत्याच विषयाच्या नांवाखालीं, बांधलेलीं असतील.